सत्तावीस पॉइंट आठ

सुमित्राकाकू नागवेकरांची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती आणि ती त्या पाहुण्यांसमोरच मांडत. "मला ताप आला तर कपाळाला हात लावायला यांना सवड नाय. त्या डब्याचा ताप मात्र दर दोन सेकंदांनी बघतात."

डबा म्हणजे लॅपटॉप. तो बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून दूर, एका टेबलावर कायम उघडा असे. पडद्यावर चित्र नसे, बातम्या नसत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांच्या काही ओळी असत: प्रोसेसरचं तापमान, डिस्कचं तापमान, पंख्याचा वेग. दर दोन सेकंदांनी आकडे बदलत. समोर खुर्चीत रमाकांत नागवेकर बसलेले असत. हातात चहा, चष्मा कपाळावर.

नागवेकर व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनीअर होते. निवृत्त होऊन रत्नागिरीजवळ मिऱ्याला घरी परतले, पण हुद्दा उतरवून ठेवला नाही. मासळीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना चीफच म्हणत, आणि फोन उचलल्यावर तेही "चीफ बोलतोय" असंच सांगत. आवाज मोठा होता. इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही असावं, पण हळू बोलण्याचा प्रयत्न त्यांनी केल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही.

लॅपटॉप मूळचा त्यांच्या वास्कोच्या मुलीचा. तिने नवा घेतला, तेव्हा जुना वडिलांना दिला. तो मांडीवर घेतल्यावर चीफना चटका बसला आणि पहिला प्रश्न पडला: एवढं तापणारं यंत्र आणि त्याला एकही मीटर नाही? मीटर आतच असतात आणि ते वाचता येतात, हे कळायला त्यांना काही दिवस लागले. मग मूळची प्रणाली काढून त्यांनी लिनक्स घातलं. रंगीत तबकड्या दाखवणारे प्रोग्रॅम त्यांनी बघितले आणि काढून टाकले. 'सेन्सर्स' एवढा एक शब्द टाइप केला की आकडे समोर येतात, त्याच्या आधी 'वॉच' जोडला की ते आपोआप ताजे होत राहतात. मग नक्षी कशाला, असा त्यांचा सवाल होता. पुढे त्यांनी फोनवरून घरच्या लॅपटॉपमध्ये शिरण्याचीही सोय करून घेतली.

त्या सोयीचा एक परिणाम आमच्या ऑफिसात बघायला मिळाला. आमचं दैनिक कोल्हापूरचं. रत्नागिरीच्या ऑफिसात इथली पानं तयार होत आणि छपाईला कोल्हापूरला जात. चीफ आठवड्याला एक पत्र घेऊन येत. विषय बंदरातला गाळ. पत्र देऊन झाल्यावर बाकावर बसून ते फोनवर घरच्या लॅपटॉपचं तापमान बघत. एका पावसाळी दुपारी त्यांनी भुवया उंचावल्या आणि घरी फोन लावला.

"सुमित्रा, यंत्राच्या मागे काय ठेवलंस?"

काकूंचा आवाज बाकापासून दूर बसलेल्यांनाही ऐकू आला. "आगपेट्या. सादळल्यात सगळ्या. आणि तुमचे मोजे. तिथनं गरम हवा येते, ती फुकट कशाला घालवायची?"

"आगपेट्या?"

"बरं, काढते. मोजे राहू देत?"

मोजेही काढायला लागले. चीफनी फोन कानाला धरूनच सांगितलं की आकडा चार अंशांनी चढला होता, आणि कारण नसताना चार अंश चढत नाहीत. काकू नंतर म्हणत, की यांना दुसरी बाई असती तर एक वेळ परवडलं असतं, तिला ऑफिसात बसून मिऱ्यातलं तरी दिसलं नसतं.

आकडा मात्र त्यांना नुसता नको असे. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की ते म्हणत, "आकडा नको, चाल सांगा. मागच्या वेळेपेक्षा कुठे चाललाय?" बाजारात सुरमईचा भाव, खाडीचं पाणी, जावयाची बढती, सगळ्याला तोच प्रश्न. स्थिर ऐंशी चालेल, चढता साठ चालणार नाही. जो आकडा अजिबात हलत नाही, त्याचा त्यांना सर्वांत जास्त संशय येई.

याचा अनुभव देवरूखच्या एका लग्नाला जाताना आला. वऱ्हाडाची खासगी बस होती. निवळीच्या घाटात चीफ जागेवरून उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांना इंजिनाचा आवाज पसंत नव्हता. ड्रायव्हरने तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा बरोबर मध्यावर होता. चीफनी वाकून काचेवर नखाने टिचकी मारली. काटा जराही थरथरला नाही. "हा मेलेला आहे," ते म्हणाले. "बाजूला घे." ड्रायव्हर कुरकुरला, वरबाप मुहूर्ताचं बोलला, चीफनी ऐकलं नाही. बस थांबली, झाकण उघडलं तेव्हा रेडिएटर जवळजवळ कोरडा होता. वऱ्हाडाने आपल्या पाण्याच्या बाटल्या त्यात ओतल्या. मुहूर्त काही मिनिटांनी गाठला आणि जेवताना ड्रायव्हरला चीफच्या शेजारचं पान मिळालं.

त्याच सवयीमुळे पुढे स्मिता जाधवची नोकरी वाचली.

स्मिता आमच्या ऑफिसात पानं लावत असे, म्हणजे बातम्या आणि फोटो लॅपटॉपवर जुळवून पान तयार करत असे. रत्नागिरीची सगळी पानं तिच्या हातून जात. घर जवळच्या नाचणे गावात. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. घरात दुसरं कोणी नाही. दुपारी शेजारीण बघे, संध्याकाळनंतर स्मिता. त्या वर्षी ऑक्टोबरात तिचा लॅपटॉप बंद पडू लागला. पान निम्मं झालं की पडदा एकदम काळा. इशारा नाही, सूचना नाही. दोनदा पानं उशिरा गेली, एकदा कोरी जागा छापून आली.

कोल्हापूरला यंत्रणा बघणारे दाभोळे होते. ते तिथूनच इथल्या लॅपटॉपमध्ये शिरून तपासत. त्यांनी प्रणाली पुन्हा घातली, विषाणू शोधले, तापमानही बघितलं. दोष सापडला नाही. यंत्रात दोष नाही, म्हणजे चालवणाऱ्या हातात आहे, असा निष्कर्ष मुख्य कार्यालयात निघाला. नगर परिषदेच्या मतमोजणीच्या दिवशी पुन्हा असं झालं, तर रत्नागिरीची पानं कायमची कोल्हापूरला लावायची, असं ठरलं. स्मिताला तिकडे जायची मुभा होती. आईला घेऊन ती कोल्हापूरला जाऊ शकत नव्हती, आणि आईला सोडूनही नाही. आमच्या ऑफिसचे प्रमुख अण्णा पेठे यांनी हे तिला सांगितलं, तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि पान पुरं करायला बसली. ते पुरं व्हायच्या आत लॅपटॉप पुन्हा बंद पडला.

चीफ त्या वेळी गाळाचं पत्र घेऊन दारात उभे होते. पत्र त्यांनी खिशात ठेवलं.

"बंद पडायच्या आधी पंखा ओरडत होता की नाय गो?"

"रोजच ओरडतो, चीफ."

"आणि मग गप्प?"

"मग सगळंच गप्प."

त्यांनी लॅपटॉपच्या कडेला हाताची मागची बाजू लावली आणि लगेच काढली. मग अण्णांना कोल्हापूरला फोन लावायला सांगितलं. दाभोळे स्वभावाने सज्जन होते. दिवसातून अनेकदा रत्नागिरीचा फोन येऊनही त्यांचा आवाज चढत नसे. लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी तिकडून आपली कमांड दिली आणि आकडा वाचला.

"सत्तावीस पॉइंट आठ. एकदम थंड हाय की ओ."

"सकाळी बघितलं होतंत? किती होतं?" चीफनी विचारलं.

"सत्तावीस पॉइंट आठ."

"काल?"

"तेवढंच. म्हणून तर म्हणतोय, तापायचा काय प्रॉब्लेमच न्हाई."

चीफ टेबलाला टेकून उभे राहिले. ऑक्टोबरची दुपार होती. ऑफिसात सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसण्याची सोय होती. तिथे चौतीस होतं.

"दाभोळे, इथे खोलीत चौतीस आहे. आणि हे दुपारभर राबलेलं यंत्र आत सत्तावीस? तसं असेल तर आम्ही सगळे त्याच्या आत जाऊन बसतो."

पलीकडे हसण्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला. कळफलकाची टकटक ऐकू आली. दाभोळे आता आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपला तीच कमांड देत होते. कंपनी आणि मॉडेल एकच होतं.

"चीफ," ते हळू म्हणाले, "माझ्यात बी सत्तावीस पॉइंट आठच दाखवतंय."

"म्हणजे ते मोजत नाय. पाठ केलेलं म्हणून दाखवतंय."

नंतर दाभोळ्यांनी शोधून काढलं ते असं, की त्या मॉडेलमध्ये ही कमांड ज्या ठिकाणाहून आकडा आणते, तिथे बनवणाऱ्यांनी एक ठरावीक संख्या भरून ठेवली आहे. खरा मोजणारा सेन्सर प्रोसेसरच्या आत असतो. तो दुसऱ्या वाटेने वाचावा लागतो. चीफना त्या वेळी हे माहीत नव्हतं. काटा हलत नाही, एवढं माहीत होतं.

त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह असे. त्यात लिनक्स होतं. लॅपटॉप त्यावरून सुरू केला की आतल्या डिस्कला हातही लागत नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी तसा तो सुरू केला, काळी खिडकी उघडली आणि खुर्चीतून उठून स्मिताला बसवलं.

"तू वाच. मोठ्याने. मला नाय, दाभोळ्यांना ऐकू जायला हवं."

फोन टेबलावर होता. स्मिता वाचू लागली. एकसष्ट. बासष्ट. एकसष्ट. मग चीफनी प्रोसेसरला काम लावणारी एक कमांड सांगितली, ती तिने टाइप केली. पंखा ओरडू लागला. एकोणसत्तर. अठ्ठ्याहत्तर. शहाऐंशी. एक्याण्णव. शहाण्णव. नव्व्याण्णव. पडदा काळा झाला.

"गेला?" दाभोळ्यांनी विचारलं.

"गेला," अण्णा म्हणाले.

चीफ फोनकडे वाकले. "दाभोळे, आत्ता त्यात स्मिताचं एकही पान नव्हतं. तिचा प्रोग्रॅम नव्हता, तुमची प्रणाली नव्हती. मी सांगितलेली एक कमांड देण्याखेरीज आणि आकडे वाचण्याखेरीज तिने काही केलं नाय. तापला आणि जीव वाचवायला स्वतः बंद पडला. शहाणं यंत्र आहे."

दाभोळ्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. ते म्हणाले, "पटलं. आता उघडा की त्याला."

उघडण्याआधी चीफनी लॅपटॉप उचलला. खाली लाल मखमल होती. ती सगळ्यांच्या इतक्या नजरेतली झाली होती की कोणाला दिसत नव्हती. दर दसऱ्याला अण्णा ऑफिसातल्या यंत्रांची पूजा करत. इथे छपाई होत असे त्या दिवसांपासूनची पद्धत होती ती. पानांचा लॅपटॉप हे ऑफिसातलं मुख्य यंत्र, म्हणून मखमलीवर त्याची स्थापना होई, आणि पूजा झाली तरी मखमल पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथेच राही. हवा आत घेण्याची जाळी लॅपटॉपच्या पोटाला असते. ती बरोबर मखमलीवर टेकत होती.

मग स्क्रू काढले. चीफ पंख्यातून एकेक वस्तू चिमट्याने काढून कालच्या अंकावर मांडत गेले. लाल लव. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. कुंकू, खाऱ्या हवेत ओलं होऊन घट्ट बसलेलं. आणि अक्षता, काही अख्ख्या, काही पंख्याने कांडलेल्या. एका दसऱ्याचा हा ऐवज नव्हता. वर्षानुवर्षं साचत आलेला होता.

अण्णांनी अंकावरची एक अक्षता उचलून बघितली. पूजा त्यांची होती. स्मिताच्या घरी या पूजा नव्हत्या; दसऱ्याला ती ऑफिसचे पेढे घेई आणि कामाला लागे. ज्या यंत्रासाठी तिला दोष लागला होता, त्यात तिच्या हातचा एक दाणाही नव्हता.

चीफनी चिमटा खाली ठेवला. "पूजा आम्ही जहाजावरही करायचो, अण्णा. जनरेटरला हार घालायचो. पण त्याच्या नाकात तांदूळ नाय घालायचो."

पहिली हसली ती स्मिता. मग अण्णाही हसले. ते उठून आपल्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी मुख्य कार्यालयात थेट संपादकांना फोन लावला. चूक आमच्या ऑफिसची आहे, माझी आहे, पानं लावणाऱ्या मुलीची नाही, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. संपादकांचं उत्तर सावध होतं. मतमोजणीचा दिवस बघू, ते म्हणाले. कोल्हापूरला दोन माणसं त्या दिवशी रत्नागिरीच्या पानांसाठी तयार ठेवण्यात येणारच होती.

चीफनी पंखा ब्रशने साफ केला. मारुती मंदिराजवळच्या एका दुकानातून प्रोसेसरवर लावायचा लेप आणला, जुना वाळलेला खरवडून नवा लावला. मखमल घडी करून अण्णांच्या हातात दिली. लॅपटॉपखाली हवा खेळण्यासाठी स्टँड मागवायची चर्चा सुरू झाली, तोवर त्यांनी घरून चार करवंट्या आणल्या, पालथ्या ठेवल्या आणि त्यांवर लॅपटॉप बसवला. दाभोळ्यांनी प्रोसेसरच्या आतला सेन्सर वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम शोधून पाठवला. स्मिताच्या पानांशेजारी आता पडद्याच्या कोपऱ्यात काळी खिडकी आली आणि तिच्यात आकडे हलू लागले. पहिल्या दिवशी पूर्ण पान लागलं तरी ते बहात्तरच्या वर गेले नाहीत.

मतमोजणीला चीफ सकाळीच आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. स्मिताच्या मागे खुर्ची टाकून बसले. दुपारी निकाल एकामागून एक येऊ लागले आणि ऑफिसात उभं राहायला जागा उरली नाही. बातमीदार ओरडत होते, फोटो उलटसुलट येत होते, एका प्रभागात फेरमोजणी लागली. स्मिता तीन पानं एकदम उघडून बसली होती. चौऱ्याहत्तर. शहात्तर. पंच्याहत्तर. ती मध्ये मध्ये कोपऱ्याकडे एक नजर टाकत होती आणि चीफ तिच्या मानेकडे बघत होते, पडद्याकडे नाही.

चारच्या सुमारास दाभोळ्यांचा फोन आला. संपादक विचारत होते, फाइली इकडे घ्यायच्या का. माणसं रिकामी बसलीत.

स्मिताने कळफलकावरून हात न काढता उत्तर दिलं. "फाइली नकोत. पहिलं पान पाठवलंय, उघडून बघा."

पलीकडे कळ दाबल्याचा आवाज आला. मग दाभोळे म्हणाले, "आलंय की. अख्खं आलंय." आणि मागे कोणाला तरी म्हणाले, "जावा घरी तुम्ही दोघं, काय काम न्हाई."

त्या दिवशी रत्नागिरीची सगळी पानं वेळेआधी गेली. ती कोल्हापूरला न्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. आजही ती इथेच लागतात, आणि इथल्या पानांची प्रमुख स्मिता आहे. पुढच्या महिन्यात चीफ आणि काकू मुलीकडे वास्कोला राहायला गेले. ऑफिसात ते दिसले ते मतमोजणीच्या दिवशी शेवटचे.

दाभोळ्यांचा फोन ठेवल्यावर ते उठले. पानं अजून बाकी होती आणि गर्दी तशीच होती. इंजिनरूममध्ये पाळीला वॉच म्हणतात, आणि ती संपवणारा माणूस नुसता निघून जात नाही. काय चालू आहे, काय कसं आहे, हे तो पुढच्याला सांगतो. पुढचा ते ऐकून "वॉच घेतला" म्हणतो. तोपर्यंत पहिल्याला जागा सोडता येत नाही. चीफनी हे स्मिताला त्या आठवड्यात शिकवलं होतं.

"पंखा चालू," ते म्हणाले. "तापमान पंच्याहत्तर, स्थिर. पाच पानं शिल्लक."

"तीन," स्मिता म्हणाली. "दोन आत्ता गेली. वॉच घेतला, चीफ."

अण्णांनी त्यांना थांबायचा आग्रह केला. पेढे येत होते. चीफ म्हणाले की सुमित्रेने सुरमई आणलीय आणि इथे आता चीफचं काम नाही.

आमच्या ऑफिसचा जिना लाकडी आणि उभा आहे. चीफ तो जहाजावरच्या शिडीसारखा उतरत: तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्यावर, पाठीमागे न बघता. त्यामुळे इतर माणसांची जाताना पाठ दिसते, तसं त्यांचं नव्हतं. बूट गेले, शर्ट गेला, आणि जमिनीच्या पातळीला काही क्षण फक्त चेहरा राहिला. तो स्मिताच्या दिशेला होता. ती वळली नाही. ती पुढचं पान लावत होती. चीफ तिथे जरा थांबले, समाधानाने मान हलवली, आणि उतरून गेले.